शेंग, चीक आणि राणीची बाग

राणीच्या बागेत शिरणारी बहुतेक पावलं थेट प्राण्यांकडे वळतात. मुलांना वाघ पाहायचा असतो, पाणघोडा पाहायचा असतो, आणि गेल्या काही वर्षांत पेंग्विन. पण भायखळ्याच्या या पन्नासेक एकरांतलं सर्वांत मोठं नवल पिंजऱ्यात नाही. ते वाटेच्या दोन्ही बाजूंना मोकळं उभं आहे, आणि मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी त्याच्याच सावलीत बसून डबे खाल्ले आहेत. या बागेत तीन हजारांहून अधिक झाडं आहेत आणि ती अडीचशेहून अधिक जातींची आहेत. आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावरच्या झाडांच्या जाती मोजायला बहुतेकदा दोन्ही हातांची बोटं पुरतात. इथे मात्र दहा मिनिटं चाललं की आफ्रिका, मादागास्कर, म्यानमार, दक्षिण अमेरिका आणि सह्याद्री असा प्रवास घडतो.

हे आपोआप झालेलं नाही. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी-उद्यानविद्या सोसायटीची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि १८६१ साली भायखळ्याला नवी बाग आकार घेऊ लागली. १८६२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं, आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोकांच्या तोंडी मात्र राणीची बागच राहिली. त्या काळात अशी बाग ही केवळ फिरायची जागा नव्हती. दूरदूरच्या देशांतून बिया आणि रोपं आणायची, ती इथल्या पावसात आणि उन्हात तगतात का हे पाहायचं, हा तिचा मोठा उद्योग होता. त्यातून जे तगलं, ते आज आपल्यासमोर उभं आहे.

गोरखचिंचेपासून सुरुवात करू. खोड इतकं फुगलेलं की त्यावरच्या फांद्या उगाच चिकटवल्यासारख्या वाटाव्यात. हे झाड मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं. त्याचं लाकूड मऊ आणि स्पंजासारखं असतं, त्यात ते पाणी साठवून ठेवतं आणि कोरड्या दिवसांत पानं टाकून स्वस्थ उभं राहतं. आफ्रिकेतल्या काही गोरखचिंचांचं वय कार्बन पद्धतीने मोजलं तेव्हा ते हजार वर्षांच्या पुढे भरलं. त्याचं मोठं पांढरं फूल लोंबत्या देठावर सांजवेळी उमलतं, रात्री वटवाघळं त्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी ते कोमेजून जातं. पश्चिम किनाऱ्यावर हे झाड अरब व्यापारी आणि आफ्रिकेतून आलेले लोक यांच्याबरोबर आलं, असं मानलं जातं. वसईच्या किल्ल्यातही त्याची झाडं आहेत.

कैलासपती त्याहून वेगळा. हा दक्षिण अमेरिकेचा. त्याची फुलं शेंड्याला येत नाहीत. बुंध्यातूनच फांदोऱ्या फुटतात आणि त्यांवर गुलाबी-केशरी, जाडसर पाकळ्यांची, दरवळणारी फुलं लागतात. एखादं ताजं फूल पडलेलं मिळालं तर हातात घेऊन नीट पाहा. मधोमध एक छोटी चकती असते आणि तिच्याभोवती आखूड पुंकेसरांचं दाट कडं. त्या कड्याच्या एका बाजूने एक मांसल पट्टी निघते आणि वळून मधल्या भागावर फण्यासारखी झुकते. या फण्यालाही पुंकेसर असतातच. म्हणजे एकाच फुलात पुंकेसरांचे दोन गट, आणि दोघांची कामं वेगळी. फण्यावरचा पराग भुंग्यांना खाण्यासाठी असतो, त्यातून बी धरत नाही. वंश पुढे नेणारा पराग खालच्या कड्यात. फुलात मध अजिबात नाही. भुंगा खाऊ शोधत फण्याखाली शिरतो आणि त्याच वेळी त्याच्या पाठीला खालचा खरा पराग लागतो. पाहुण्याला जेवण वेगळं आणि बरोबर द्यायचा निरोप वेगळा, अशी ही व्यवस्था या फुलात पक्की बसलेली आहे. पुढे धरणारं फळ तोफगोळ्याएवढं होतं आणि पिकायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घेतं.

उर्वशी म्यानमारची. १८२० च्या दशकात नॅथॅनिएल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती तिथल्या एका मठाच्या बागेत फुललेली दिसली. तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट आणि त्यांची मुलगी यांच्यावरून तिचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं. लांब लोंबत्या घोसांत किरमिजी फुलं, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. मूळच्या रानात हे झाड आता क्वचितच आढळतं. ज्या जातीला आपलं जंगल जवळपास उरलेलं नाही, ती भायखळ्यात मोटारींच्या गोंगाटापासून हाकेच्या अंतरावर फुलते.

कोलव्हिलियाची गोष्ट तर मला फार विलक्षण वाटते. हे झाड मादागास्करचं, पानं गुलमोहरासारखी, फुलांचे घोस केशरी. गुलमोहरही मादागास्करचाच. दोघांचीही विज्ञानाला ओळख करून दिली ती वेन्सेस्लास बोयर या एकाच वनस्पतिशास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. एकाच बेटावरून निघालेले हे दोन प्रवासी. त्यांतला एक भारतातल्या गावोगावी पोहोचला, इतका की तो परका आहे हेच आपण विसरलो. दुसरा मुंबईत पाहायचा तर राणीची बाग गाठावी लागते.

आता या पाहुण्यांना इथल्या झाडांशेजारी उभं करून पाहिलं की खरी गंमत सुरू होते. गोरखचिंच आणि आपली काटेसावर एकाच कुळातल्या. दोघींचं फूल मोठं, दोघींना पुंकेसरांचा झुबका, दोघींच्या फुलांना मोठा पाहुणा लागतो. काटेसावरीकडे दिवसा मैना, कावळे, सूर्यपक्षी येतात आणि गोरखचिंचेकडे रात्री वटवाघळं. कैलासपतीचे इथले भाऊबंद म्हणजे सह्याद्रीतला कुंभा आणि खाडीकाठचं समुद्रफळ. त्यांच्याही फुलांत पुंकेसरांचाच थाट. उर्वशीची जवळची नातलग कोण? आपला सीतेचा अशोक, आणि चक्क आमटीत पडणारी चिंच. उर्वशी आणि सीतेचा अशोक यांची कोवळी पालवी पाहा. ती ताठ उभी राहत नाही. फिकट तांबूस पानांचे मऊ झुबके मान टाकून लोंबतात आणि काही दिवसांनी हिरवे होऊन सावरतात. म्यानमारचं झाड आणि सह्याद्रीचं झाड, पण पालवी फुटायची रीत एकच. ही नाती पुस्तकात वाचून कळतात, पण पटतात ती दोन्ही झाडं एका बागेत पाहिल्यावर.

नाती झाडाझाडांतच असतात असं नाही. बागेतल्या सर्वांत गुंतागुंतीच्या नात्यासाठी परदेशी झाडाकडे जायची गरजही नाही. उंबराखाली पडलेलं एक पिकलेलं फळ उचला आणि फोडा. उंबराला फूल येत नाही असा समज आहे. प्रत्यक्षात ज्याला आपण फळ म्हणतो ती बाहेरून बंद असलेली एक पोकळी आहे, आणि तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं लागलेली असतात. फळाच्या टोकाशी खवल्यांनी बंद केलेलं एक सूक्ष्म तोंड असतं. त्यातून जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक मादी गांधीलमाशी आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच तुटतात. बाहेर जायचा प्रश्नच उरत नाही. ती दुसऱ्या उंबरावरून आणलेला पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, कारण त्यांना कुठे जायचंच नसतं. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचं आयुष्य संपतं. त्याच वेळी आतली नरफुलं पिकलेली असतात. माद्या पराग गोळा करून नरांनी पाडलेल्या भोकातून बाहेर पडतात. आता त्यांच्याकडे फार तर एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात त्यांना दुसरा उंबर गाठायचा आहे. दुसरं झाड अशासाठी, की एका झाडाची फळं साधारण एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात. ज्या झाडावरून त्या निघाल्या तिथे आता त्यांच्यासाठी कोवळं फळ नसतं. आणि उंबरच हवा. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी.

कोट्यवधी वर्षं चाललेला हा व्यवहार आपल्या शहरात चालू राहायचा तर काय लागेल याचा विचार करा. एक शोभेचा उंबर पुरणार नाही. माशीच्या टप्प्यात बरेच उंबर हवेत आणि ते वेगवेगळ्या वेळी फळणारे हवेत. वडाचं तेच, पिंपळाचं तेच. तसे ते असतील तर वर्षातल्या जवळपास प्रत्येक महिन्यात शहरात कुठे ना कुठे यांपैकी एखादं झाड फळांनी लगडलेलं असतं. तांबट, कोकिळा, महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आणि वटवाघळं यांचा वर्षाचा निभाव या फळांवर लागतो. बाकीची झाडं त्यात आपापल्या ऋतूची भर घालतात. थंडी ओसरताना पांगारा, पळस आणि काटेसावर, चैत्रात वायवर्ण, वैशाखात बहावा आणि आपलं राज्यफूल ताम्हण, पावसात कदंब, दिवाळीच्या सुमारास सातवीण, तिच्या मागोमाग बुच. यातली दोन-तीन नावं गाळली की कोणाच्या तरी वाट्याला उपाशी महिना येतो.

फुलपाखरांची निवड तर याहून काटेकोर. मध ती कुठलाही पितील, पण अंडी घालताना त्यांचा हट्ट असतो. कॉमन एमिग्रंटला बहाव्याचं पान चालतं. सोसायट्यांच्या कुंपणाशी रांगेत उभा असणारा उंच आसुपालव, ज्याला आपण सवयीने अशोक म्हणतो, त्याच्यावर टेल्ड जे वाढतं. ग्रेट ऑरेंज टिपला वायवर्ण लागतो. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या कुळातली झाडं शोधतं. ज्या बागेत वायवर्ण नाही, तिथे ग्रेट ऑरेंज टिप फुलांवर दोन क्षण थांबेल आणि निघून जाईल. तिथे त्याचा संसार होणार नाही.

विविधतेचं दुसरं काम संकटाच्या वेळी कळतं. २०१० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवरचे मोठमोठे रेन ट्री वाळू लागले. दक्षिण अमेरिकेतून आलेला, संध्याकाळी पानं मिटून घेणारा, रस्त्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत सावली धरणारा हा वृक्ष. त्याच्या फांद्यांवर पिठ्या ढेकूण बसला. पांढऱ्या पिठासारखा दिसणारा हा कीटक झाडाचा रस शोषतो. बुंध्यापर्यंत आलेल्या काँक्रीटने आधीच जेरीस आलेली झाडं त्यापुढे टिकली नाहीत. शेकडो रेन ट्री गेले. ज्या रस्त्यांवर दुसरं काही लावलेलंच नव्हतं, तिथे डोक्यावर थेट ऊन आलं. जिथे शेजारी वड, बकुळ किंवा कडुनिंब होता, तिथे सावली पातळ झाली, पण राहिली.

अमेरिकेने हा धडा दोनदा घेतला. तिथल्या गावोगावच्या रस्त्यांवर एल्मच्या रांगा होत्या, दोन्ही बाजूंच्या फांद्यांनी वर कमान धरलेल्या. १९३० च्या सुमारास तिथे एक बुरशी पोहोचली. ती भुंगेऱ्यांच्या अंगावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जाई, आणि शेजारच्या झाडांची मुळं जमिनीत एकमेकांत जुळलेली असल्यामुळे खालूनही पसरे. एल्म गेले. त्यांच्या जागी अनेक शहरांनी अ‍ॅश लावले, तेही पुन्हा रांगांनी. २००२ साली डेट्रॉइटजवळ पूर्व आशियातून आलेला एक चकचकीत हिरवा भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या अ‍ॅशच्या सालीखाली पोखरतात. त्याने कोट्यवधी अ‍ॅश मारले. पहिल्या वेळी एका जातीवर भिस्त ठेवून जे गमावलं, ते भरून काढताना पुन्हा एकाच जातीवर भिस्त ठेवली गेली.

या दोन संकटांच्या मध्ये, १९९० साली, फ्रँक सँटामोर या अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञाने एक साधा हिशेब मांडला होता. शहरातल्या झाडांत एका जातीची झाडं १० टक्क्यांहून अधिक नसावीत, एका प्रजातीसमूहाची २० टक्क्यांहून अधिक नसावीत आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक नसावीत. हा काही निसर्गाचा नियम नाही, पण शहरासाठी तो फार उपयोगी आहे. त्यातला तिसरा आकडा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा.

कारण आपल्या रस्त्यांवर जे वैविध्य दिसतं त्यातलं बरंच वरवरचं आहे. गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री, शिरीष, बहावा, करंज, चिंच, पांगारा, पळस, कांचन, आपटा, सुबाभूळ, गिरिपुष्प. तेरा नावं झाली. रंग वेगळे, पानं वेगळी, उंची वेगळी. पण फळ पाहा. प्रत्येकाला शेंग आहे, कारण ही सगळी झाडं एकाच शिंबावंत कुळातली. एखाद्या बागेत ही तेराच्या तेरा लावली तरी कूळ एकच भरतं.

ही परीक्षा कोणालाही करता येते. झाडाखाली शेंगा पडलेल्या दिसल्या की एक कूळ ओळखलं. दुसरी खूण चिकाची. पान खुडल्यावर पांढरा चीक आला तर वड-पिंपळ-उंबराचं कूळ असू शकतं. मात्र चीक चाफ्याला आणि सातविणीलाही येतो आणि त्यांचं कूळ वेगळं. मग फांदीचं टोक पाहा. वडाच्या फांदीच्या टोकाला एक टोकदार टोपण असतं. ते नव्या पानाला झाकतं, पान उलगडलं की गळतं आणि फांदीवर गोल कड्यासारखा वण ठेवून जातं. फणसाच्या डहाळीवरही असाच वण सापडेल. सातविणीला ते नसतं, तिची पानं एका जागी चक्राकार निघतात. शेंग, चीक आणि हा वण, एवढ्या तीन गोष्टींवर शहरातली कितीतरी झाडं आपापल्या घराण्यात जाऊन बसतात.

मग कोणती झाडं वाढायला हवीत? परदेशी झाडं उपटून टाका असं मी म्हणणार नाही. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी यांनी या शहराला शंभर वर्षांहून अधिक काळ आनंद आणि ज्ञान दिलं आहे. त्यांना राखणं हे आपलं काम आहे. २००७ साली राणीच्या बागेच्या पुनर्विकासाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा झाडांच्या काळजीपोटी मुंबईचे नागरिक उभे राहिले, त्यांनी एकेक झाड नोंदवलं, लोकांना हिंडवून दाखवलं. त्या धडपडीमुळे या बागेकडे केवळ प्राणिसंग्रहालय म्हणून पाहण्याची सवय मोडायला मदत झाली. पण नवी लागवड करताना इथल्या कीटकांचं आणि पक्ष्यांचं ज्यांच्याशी जुनं नातं आहे, ती झाडं आधी यावीत. बकुळ, मोह, कदंब, ताम्हण, अर्जुन, बेहडा, नागकेशर, सुरंगी, वायवर्ण, कुंभा, टेटू. या यादीत शेंगेचं कूळ एकदाही आलेलं नाही, टेटूच्या लांब तलवारीसारख्या फळाला लोक शेंग म्हणत असले तरीही. ही नावं शहरातल्या लागवडीत फार कमी ऐकू येतात.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं आणि ठरावीक काळाने झाडांची गणना करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. हे चांगलंच आहे. पण साठ वर्षांचा एक उंबर गेला आणि त्याच्या बदल्यात एकाच जातीची साठ रोपं लागली, तर संख्या भरते आणि माशी, तांबट, हरियाल यांचं घर मात्र भरून येत नाही. मुंबईच्या गेल्या दशकातल्या गणनेत सुमारे पावणेतीस लाख झाडं मोजली गेली. वर्तमानपत्रांचे मथळे या आकड्यावर थांबतात. आपण पुढचा प्रश्न विचारायला हवा, की ही झाडं किती जातींची आहेत आणि किती कुळांची.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी घराजवळच्या बागेत जा, सोबत एखादं मूल असेल तर उत्तम. किती झाडं आहेत ते मोजू नका, किती प्रकारची आहेत ते मोजा, आणि त्यांतली शेंगेची किती, चिकाची किती, ते लिहून काढा. यादी छोटी निघाली तर तीच घेऊन आपल्या वॉर्डाच्या उद्यान विभागाकडे जा आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे नसलेल्या कुळातलं एक झाड मागून घ्या. ते लागलं की पहिली दोन वर्षं त्याला पाणी घालण्याची जबाबदारीही आपलीच.